अर्जाची पोच

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाच्या जबाबदारीविषयी बोलताना बहुधा मोठ्या गोष्टींपासून आरंभ केला जातो. विधिमंडळापुढे मंत्रिमंडळाचे उत्तरदायित्व, महालेखापरीक्षकांचे अहवाल, न्यायालयांचे ताशेरे या सर्वांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि खेड्यातील भूमिहीन मजुराला किंवा शहरातील मोलकरणीला शासन विधानभवनात भेटत नाही. ते भेटते तहसील कचेरीच्या खिडकीवर, तलाठ्याच्या सज्जात, रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या रांगेत. त्या खिडकीवर एकच साधा प्रश्न विचारावा: दिलेल्या अर्जाची तारीख घातलेली, सहीशिक्क्याची पोच मिळाली की नाही? शासन लोकांना किती जबाबदार आहे, याची पहिली परीक्षा या चिटोऱ्यावर होते.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु तोंडी केलेली मागणी ही याचना असते. लेखी अर्ज दिला आणि पोच मिळाली नाही, तर तीही याचनाच. फक्त कागदावर लिहिलेली. पोच हाती पडली की परिस्थिती पालटते. अमुक दिवशी, अमुक माणसाने, अमुक कचेरीकडे, अमुक मागणी केली ही वस्तुस्थिती मग कोणालाही नाकारता येत नाही. कायद्याने मुदत घालून दिली असेल, तर ती त्या तारखेपासून मोजली जाते. मुदत संपल्यावर उत्तर कोणी द्यायचे, हेही त्यावरून ठरते. म्हणूनच जी कचेरी काम नाकारताना डगमगत नाही, ती पोच देताना मात्र हमखास अडखळते. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘शिक्का कपाटात आहे’, ‘अर्ज ठेवून जा, बघू’ आणि आता ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही सारी वाक्ये एकच काम करतात. ती तारीख पडू देत नाहीत.

कागद ज्याच्या हाती त्याची सत्ता, हा अनुभव महाराष्ट्राच्या खेड्यांना नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा अक्षरशत्रू कुणब्याला कुलकर्णी आपल्या दप्तराच्या बळावर कसा नाडतो, याचे विदारक चित्र त्यांनी रेखाटले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने नष्ट झाली आणि त्या जागी पगारी तलाठी आला. वतनदारी गेली, ही मोठीच सुधारणा होती. पण दप्तर ज्याच्याविषयी आहे त्याला ते पाहता येणार नाही, ही रूढी वतनाबरोबर गेली नाही. पगारी नोकराने ती जशीच्या तशी उचलली आणि तिला ‘कार्यालयीन गोपनीयता’ हे नवे नाव मिळाले.

या रूढीला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रात दुष्काळाने दिला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची, नालाबांधाची, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबत होते. सुकडीची चव आणि खडीचा आवाज त्या पिढीच्या स्मरणात कायमचा राहिला. दुष्काळी काम ही तोवर मायबाप सरकारची कृपा मानली जाई. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून वेगळाच विचार मांडला होता. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम करावयास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हा तो विचार. शासनाने १९७२ साली तो योजनेच्या रूपाने स्वीकारला. शहरातील पगारदार व व्यापारी वर्गावर १९७५ च्या कायद्याने बसविलेला व्यवसाय कर या योजनेसाठी राखला गेला. पुढे मजुरांच्या संघटना व विरोधी पक्ष यांच्या रेट्यातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी होती. मजुराने नाव नोंदवावे, कामाची मागणी करावी आणि १५ दिवसांच्या आत त्याला काम मिळावे. न मिळाल्यास शासनाने बेकारभत्ता द्यावा. भत्त्याची रक्कम अगदी तुटपुंजी होती. परंतु तत्त्व मोठे होते. काम देण्यात शासन चुकले तर दंड शासनाला बसेल आणि तो ज्याचे नुकसान झाले त्याच्याच हाती पडेल. जबाबदारी या शब्दाला एवढा नेमका अर्थ यापूर्वी क्वचितच दिला गेला होता.

प्रत्यक्षात बेकारभत्ता किती मजुरांना मिळाला? फारच थोड्यांना. याचा अर्थ सर्वांना वेळेवर काम मिळत होते, असा करणे भाबडेपणाचे ठरेल. १९८८ साली रोजगार हमीच्या मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले. मजुरी वाढली तर कामावर येणारे हात वाढावयास हवेत. घडले उलटे, कामावरील हजेरी घटली. अभ्यासकांनी यातून काढलेला निष्कर्ष असा, की खर्चाला आवर घालण्यासाठी कामेच कमी काढली गेली, म्हणजे हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात शिधावाटपासारखे कामाचे वाटप सुरू झाले. मग १५ दिवसांत काम न मिळालेल्या त्या मजुरांनी भत्ता का मागितला नाही? कारण त्यांच्यापैकी बहुसंख्यांजवळ आपण काम मागितल्याचा पुरावाच नव्हता. तोंडी मागणीला तारीख नसते आणि तारखेवाचून पंधरावा दिवस कधीच उजाडत नाही.

२००५ साली महाराष्ट्राचा हा विचार देशाने उचलला आणि केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. वर्षाला प्रत्येक कुटुंबास १०० दिवसांचे काम, अर्जाची तारीखवार पोच, पंधरा दिवसांची मुदत, बेकारभत्ता आणि सामाजिक लेखापरीक्षण या गोष्टी त्यात स्पष्ट शब्दांत लिहिल्या गेल्या. तरीही जुनाच अनुभव पुन्हा आला. अनेक ठिकाणी काम निघेल तेव्हाच मजुरांचे मागणीअर्ज भरून घेतले जात आणि त्यावर सोयीची तारीख टाकली जाई. परिणामी मागणी आणि पुरवठा यांचे सरकारी आकडे इतके तंतोतंत जुळत, की वाचणाऱ्याला देशात बेकारी उरलीच नाही असे वाटावे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवस लिहिले गेले. परंतु राज्यवार किती निधी द्यावयाचा हे केंद्राने आधी ठरवावयाचे आणि त्यापलीकडचा भार राज्याने सोसावयाचा, अशी तरतूदही झाली. तिजोरीची मर्यादा आधी आणि मागणीची नोंद नंतर, असा क्रम लागला की पोच देण्यातील टाळाटाळ वाढण्याचा धोका उघड आहे. कार्यकर्त्याने दिवसांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. मागणीची नोंद कोण करतो आणि ती मजुराच्या हाती येते काय, हे त्याने आधी विचारावे.

दप्तराची दुसरी बाजू राजस्थानातील मजुरांनी उघड केली. १९९० साली राजसमंद जिल्ह्यात मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी का मिळत नाही, असे मजूर विचारीत, तेव्हा त्यांना सांगितले जाई की मोजमापात काम कमी भरले. मोजमापवही दाखवा म्हटले, की ती गोपनीय! काम मजुराचे, घाम मजुराचा आणि त्याची नोंद मात्र मजुरापासून गुप्त. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. हाती आलेली बिले आणि हजेरीपट भर सभेत मोठ्याने वाचले गेले. अशा सुनावण्यांतून कधी कामावर न गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, एवढेच नव्हे तर मृतांचीही नावे हजेरीपटावर निघाली. कधीच न बांधलेल्या भिंतींची बिले निघाली. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तेव्हा देशभर गेली.

या घटनांचे मर्म असे, की भ्रष्टाचाराविरुद्धची ओरड तेथे नेमक्या कागदाच्या मागणीत रूपांतरित झाली. ‘सगळे चोर आहेत’ असे म्हणणाऱ्या माणसाला कोणतेही शासन घाबरत नाही. ‘अमक्या कामाच्या हजेरीपटाची नक्कल द्या’ असे म्हणणाऱ्या पन्नास माणसांना मात्र ते घाबरते.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा आणि देशात २००५ चा. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णपणे लागू झाला. त्याची ताकद त्याच्या घड्याळात आहे. ३० दिवसांत माहिती. मनुष्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत. विनाकारण विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. पहिल्या अपिलालाही मुदत आहे. घड्याळ थांबते ते दुसऱ्या अपिलापाशी. माहिती आयोगाने किती दिवसांत निर्णय द्यावा, याची मुदत कायद्यात नाही. परिणाम डोळ्यांपुढे आहे. महाराष्ट्राच्या आयोगापुढील प्रलंबित प्रकरणे २०२३ साली एक लाखाहून अधिक होती. आयुक्तांची पदे वेळेवर भरली नाहीत, की कायद्याला हात न लावता कायदा पंगू होतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाल व वेतन ठरविण्याचे अधिकार केंद्र शासनाकडे गेले. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने व्यक्तिगत माहितीविषयीचे कलम बदलून नकाराची वाट अधिक रुंद केली. हजेरीपटावर माणसांचीच नावे असतात. तीही ‘व्यक्तिगत’ ठरवून झाकली जाऊ लागली, तर कोटकिरान्याची सुनावणी पुन्हा होणे नाही.

विलंबाविरुद्धही महाराष्ट्रात कायद्यांची वाण नाही. ज्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात, तो बदल्यांच्या विनियमनासह २००५ चा अधिनियम असे सांगतो, की सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून अधिक काळ राहू नये आणि प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी. त्यानंतर २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क ठरविला. अर्जाची पोच, अर्जाचा क्रमांक व सेवेची मुदत अर्जदारास कळविण्याचे बंधन घातले. सेवांची यादी, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावण्यास सांगितले. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. हे सर्व स्वागतार्ह आहे. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला मिळविण्यासाठी दहा खेपा घालणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होतो.

परंतु या कायद्याच्या दोन मर्यादा ओळखल्या पाहिजेत. पहिली अशी, की कोणत्या सेवा अधिसूचित करावयाच्या आणि त्यांना किती मुदत द्यावयाची, हे सेवा देणारे शासनच ठरविते. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी, तसा हा प्रकार आहे. वेळेत दिलेला नकारही हिशेबात ‘निकाली’ म्हणून जमा होतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. दाखला ही मोजता येणारी वस्तू आहे. तो मिळाला किंवा मिळाला नाही. शाळेत पाचवीच्या मुलाला वाचता येते काय, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बाळंतिणीला हात देणारे कोणी असते काय, नळाला येणारे पाणी पिण्याजोगे असते काय, हे प्रश्न दाखल्याच्या मोजमापात बसत नाहीत. आणि गरिबाचे आयुष्य दाखल्यांवर नव्हे, या गोष्टींवर उभे असते.

म्हणून पोचेच्या कल्पनेचा अर्थ विस्तारावा लागेल. कचेरीने काय दिले याची नोंद आज बहुतेक ठिकाणी होते. काय नाकारले याची नोंद होत नाही. रेशनच्या दुकानातील यंत्र दिलेल्या धान्याची पावती छापते. ज्या वृद्ध मजुराच्या झिजलेल्या बोटांचा ठसा उमटला नाही आणि जो रिकामी पिशवी घेऊन परतला, त्याच्या हाती कोणताही कागद पडत नाही. दवाखान्यात औषध नसल्यामुळे रुग्ण बाहेरच्या दुकानात जातो. त्या दिवशी ते औषध नव्हते, हे कोणत्या वहीत लिहिले जाते? शाळेत शिक्षकाची जागा दोन वर्षे रिक्त राहते. पालकांनी किती वेळा विचारणा केली, याचे पत्रक कोठे असते? नकाराची नोंद नसते, म्हणून अभावाचा आकडा नसतो. आकडा नसतो, म्हणून अंदाजपत्रकात तरतूद नसते. आणि तरतूद नसते, म्हणून पुन्हा नकार. हे चक्र तोडावयाचे तर लेखी नकार मिळण्याचा हक्क ही चळवळीची मागणी झाली पाहिजे. ‘आज औषध उपलब्ध नाही’ असे केसपेपरवर तारखेनिशी लिहून मिळाले, तर तोच कागद जिल्हा परिषदेपुढे, विधिमंडळापुढे आणि प्रसंगी न्यायालयापुढे बोलू लागेल.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. शासकीय कर्मचारी म्हणतात, जागा रिक्त, एका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जे, आरोग्य केंद्रात कंत्राटी परिचारिका, आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत प्रत्येक काम शिक्षकाच्या माथी. अशा स्थितीत मुदती आणि दंड लादून काय साधणार? या म्हणण्यात तथ्य आहे. सर्व जबाबदारी खिडकीवरच्या कनिष्ठ लिपिकावर ढकलून वरिष्ठ आणि मंत्री मोकळे राहणार असतील, तर ती जबाबदारी नव्हे, बळीचा बकरा शोधणे होय. पण नीट विचार केला तर पोच कर्मचाऱ्याच्याही हिताची आहे. दिवसाला २०० अर्ज येतात आणि ते पाहणारा माणूस एक आहे, हे सिद्ध कशाने होणार? अर्जांच्या नोंदवहीनेच. औषधांच्या तुटवड्याची लेखी नोंद झाली, तर रुग्णांचा संताप परिचारिकेवर न फुटता खरेदी अडवून ठेवणाऱ्याकडे वळेल. कर्मचारी संघटना आणि नागरिक यांच्यात जे वैर आज जाणीवपूर्वक पोसले जाते, त्यावर उघडे दप्तर हा उतारा आहे. संघटनांनी पगार आणि पेन्शनच्या जोडीला ‘प्रत्येक अर्जाला पोच’ ही मागणी आपल्या पत्रकात घातली, तर जनता त्यांच्या संपांकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

हा प्रश्न आज तातडीचा आहे, कारण सरकारी सेवेची दुरवस्था हाच तिच्या खाजगीकरणाचा सर्वांत मोठा युक्तिवाद बनला आहे. सुस्थित वर्गाने आपली मुले जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतून केव्हाच काढून घेतली; सरकारी दवाखान्याची पायरीही तो चढत नाही. ज्यांच्या तक्रारीला वजन होते ते निघून गेले आणि ज्यांना तक्रार करण्याची सवडच नाही ते मागे राहिले. सेवा मग अधिकच खालावली, आणि आता ‘सरकारला जमत नाही, कंपनीकडे द्या’ असे सांगितले जात आहे. कंपनी बिल नक्की देईल. परंतु हिशेब मागण्याचा हक्क ती देणार नाही. कारण माहितीचा कायदा शासनाला बांधतो, खाजगी मालकाला सहसा नाही. सार्वजनिक सेवा सार्वजनिक राहावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच तिच्या हिशेबाविषयी सर्वांत कठोर असावयास हवे. सरकारी म्हणून वाईट सेवेची पाठराखण करणे म्हणजे तिच्या लिलावाची तयारी करणे होय.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? त्याच्या दैनंदिन कामातच याचा आरंभ आहे. तहसील, पंचायत समिती, नगरपालिका येथे सेवांचा फलक लागला आहे काय, हे त्याने पाहावे. नसल्यास लेखी विचारावे आणि त्या विचारणेचीही पोच घ्यावी. काम मागणाऱ्या मजुरांना एकेकटे न पाठविता गटाने न्यावे. एकट्या बाईला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. चाळीस बायांना म्हणणे अवघड जाते. वस्तीत एक साधी वही ठेवावी. कोणी, कधी, कोणता अर्ज दिला, पोच मिळाली काय, मुदत कधी संपते, हे तिच्यात लिहावे. मुदत संपल्याबरोबर अपील करावे. वर्षातून दोनदा ती वही ग्रामसभेत वा वस्तीसभेत मोठ्याने वाचावी. जो कार्यकर्ता लोकांची कामे ओळखीने, फोन करून करून देतो, तो लोकप्रिय होतो हे खरे. पण त्याच्या मध्यस्थीने हक्काची पुन्हा कृपा होते, आणि जुन्या वतनदाराच्या जागी तो नकळत स्वतः बसतो. अर्ज लिहावयास शिकविणारा, पोच मागावयास शिकविणारा आणि मग खिडकीपासून बाजूला होणारा कार्यकर्ता आज हवा आहे.

गोरेगावच्या पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. पाणी आणून देणाऱ्या पुढाऱ्यांची मुंबईत कधीच कमतरता नव्हती. स्त्रियांना हंडे घेऊन पालिकेच्या दारात उभे करण्याचे आणि ‘पाणी का येत नाही याचे उत्तर द्या’ असे विचारावयास लावण्याचे काम विरळे होते. त्या प्रश्नाला आता कायद्याची मुदत आणि अर्जाची तारीख यांची जोड मिळालेली आहे. कायदे आहेत, आयोग आहेत, फलकही कोठे कोठे आहेत. खिडकीसमोर उभ्या असलेल्या बाईच्या हाती सहीशिक्क्याचा कागद पडला पाहिजे, आणि तो पडेपर्यंत तिच्या मागची रांग हलता कामा नये.